चोरून दिलेली गोळी

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती आजही दिसतात. काही घरांत तर डायसल्फिरामची गोळी नवऱ्याच्या नकळत आमटीत मिसळली जाते. अशा बायकोची हतबलता आम्ही समजू शकतो. पण हे थांबलेच पाहिजे. या गोळीवर दारू प्यायल्यास शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ती रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

खोलीत कोंडून दारू एकदम तोडणेही घातकच. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. थायमिन आणि मेंदू शांत करणारी औषधे देऊन हा काळ रुग्णालयात पार करावा लागतो. पुढे ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आणि दीर्घ समुपदेशन. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहायला महाराष्ट्राला शिकवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतही व्यसनाशी निगडित मनोविकार येतात. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात या उपचारांसाठी खाटा राखून ठेवाव्यात आणि औषधे मोफत द्यावीत, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.