हॉट रॅट्स, अजूनही हॉट!

कव्हरवर रिकाम्या हौदातून डोकं वर काढणारी, झिपऱ्या केसांची एक बाई. सगळा फोटो भडक गुलाबी. नाव काय, तर ‘हॉट रॅट्स’! हॉरर सिनेमाचं पोस्टर वाटेल, पण मंडळी, हा फ्रँक झप्पाचा ऑक्टोबर 1969 मधला अल्बम आहे. आणि त्याचे फॅन्स त्याच्यावरून अजून कचाकचा भांडतात.

खरं तर तेव्हा घरच्याच मैदानावर त्याची विकेट पडली होती. अमेरिकेत गाडी 173 व्या नंबरच्या वर सरकलीच नाही. ब्रिटनमध्ये मात्र थेट नववा नंबर!

आत सहा ट्रॅक्स, त्यातले पाच बिनशब्दांचे. झप्पाच्या हाती नवंकोरं सोळा ट्रॅकचं मशीन लागलं होतं, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून एकत्र जुळवायची सोय. त्याच उन्हाळ्यात बीटल्स ‘अ‍ॅबी रोड’ आठ ट्रॅकवर करत होते! मग काय, एकट्या इयन अंडरवूडने सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी, पियानो, ऑर्गन असे थरावर थर चढवले. ‘पीचेस एन रेगालिया’ ऐका. साडेतीन मिनिटांत अख्खी वरात निघून जाते. त्यात बेस वाजवणारा शुगी ओटिस जेमतेम 15 वर्षांचा होता, बॉस!

आता भांडणाचं मूळ. 1987 मध्ये सीडी काढताना झप्पाने स्वतःच अल्बम रीमिक्स केला. ‘द गम्बो व्हेरिएशन्स’ तर जवळपास चार मिनिटांनी लांबला. एलपीवाले म्हणाले, ‘हा आमचा अल्बम नाही.’ 2012 मध्ये मूळ मिक्स सीडीवर परत आलं, तर सीडीवर वाढलेली पोरं विचारू लागली, ‘आमची चार मिनिटं कुठे गेली?’

मग खरा अल्बम कुठला? ज्याने बनवला त्याने नंतर सुधारलेला, की ऐकणाऱ्याच्या कानात आधीच घर करून बसलेला? मी तर दुसऱ्या पार्टीत. रेकॉर्ड एकदा दुकानात गेली, की ती एकट्या संगीतकाराची राहत नाही. झप्पासारख्या कंट्रोल फ्रीकचीसुद्धा नाही.

झप्पा 1993 मध्ये गेला, अवघ्या 52 व्या वर्षी. हा अल्बम त्याने महिनाभराच्या तान्ह्या मुलाला, ड्वीझिलला अर्पण केला होता. त्याच ड्वीझिलने मोठेपणी ‘झप्पा प्लेज झप्पा’ हा बँड काढला आणि 2009 मध्ये ‘पीचेस’च्याच लाइव्ह रेकॉर्डिंगसाठी ग्रॅमी मिळवलं. पुढे 2019 मध्ये पन्नाशीनिमित्त मूळ सेशन्सचा सहा सीडींचा बॉक्सही आला. फॅन्सना भांडायला नवा दारूगोळा!

तेव्हा आज ऑफिसातून निघताना शफल बंद करा आणि पहिल्यापासून ऐका. कुठलं मिक्स? जे आधी हाताला लागेल ते. पुढे भांडायचंय तर आपल्याला आहेच!