लग्न डिसेंबरमध्ये पुण्यात, टॅक्स अमेरिकेत: फॉर्मवर ‘सिंगल’ लिहायचं की ‘मॅरीड’?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा मुलगा तीन आठवड्यांची सुट्टी काढून येतो. डिसेंबरच्या मुहूर्तावर लग्न लागतं. पत्नीचा व्हिसा व्हायचा असतो, म्हणून तो एकटाच परत जातो. पुणे, ठाणे, नागपूरमधल्या अनेक घरांना हे ओळखीचं आहे.

मग टॅक्स रिटर्नची वेळ येते आणि पहिल्याच पानावर प्रश्न असतो, ‘फायलिंग स्टेटस’ काय? वर्षातले अकरा महिने लग्न झालेलं नव्हतं आणि बायको अजून भारतातच आहे, असा विचार करून ‘सिंगल’वर टिक केली जाते. ही टिक चुकीची असते.

३१ डिसेंबरला काय होतं?

अमेरिकेचा आयकर विभाग, म्हणजे आयआरएस, एकच गोष्ट बघतो. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं होतं का? असेल, तर टॅक्सच्या हिशोबाने ती व्यक्ती वर्षभर विवाहित धरली जाते.

‘लग्न अजून रजिस्टर केलेलं नाही’ हे कारणही चालत नाही. जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर अमेरिका ते मान्य करते. हिंदू विवाह कायद्यानुसार नोंदणी केली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. साखरपुडा मात्र यात धरत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. नवरा-बायको वेगळे राहतात, घटस्फोटाचा खटला कौटुंबिक न्यायालयात सुरू आहे, पण निकाल आलेला नाही. अशी व्यक्तीही विवाहितच असते. फक्त वेगळं राहतो म्हणून ‘सिंगल’ लिहिता येत नाही.

मग पर्याय कोणते?

मुख्य पर्याय दोन. ‘मॅरीड फायलिंग जॉइंटली’ म्हणजे दोघांचं मिळून एक रिटर्न आणि ‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’ म्हणजे वेगळं रिटर्न.

तिसरा पर्याय ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’. याचा अर्थ आपल्याकडचा ‘कुटुंबप्रमुख’ असा घेतला की गडबड होते. त्यासाठी नियमात बसणारं मूल किंवा अवलंबून असलेले नातेवाईक लागतात. पत्नीचा खर्च उचलणं किंवा भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना पैसे पाठवणं त्यासाठी पुरेसं नाही.

जॉइंटमध्ये किती वाचतात?

२०२५ या करवर्षासाठी स्टँडर्ड डिडक्शन वेगळ्या रिटर्नमध्ये १५,७५० डॉलर आहे, तर जॉइंटमध्ये बरोबर दुप्पट, ३१,५०० डॉलर. जॉइंटमध्ये कमी दराचे स्लॅबही मोठे असतात.

समजा, नवऱ्याचा पगार १ लाख २० हजार डॉलर आहे आणि पत्नीचं उत्पन्न शून्य आहे. वेगळं रिटर्न भरलं तर फेडरल इन्कम टॅक्स साधारण १७,८६७ डॉलर होतो. जॉइंट भरलं तर १०,१४३ डॉलर. फरक ७,७०० डॉलरहून जास्त. त्यामुळे बहुतेकांचं मन जॉइंटकडे झुकतं.

पण पत्नी भारतात असेल तर?

पत्नी अमेरिकेच्या टॅक्स नियमांनुसार ‘नॉन-रेसिडेंट’ असेल, तर जॉइंट रिटर्न आपोआप भरता येत नाही. नवरा ‘रेसिडेंट’ असावा लागतो आणि ‘पत्नीला पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट धरावं’ असं दोघांच्या सहीचं निवेदन पहिल्या वर्षीच्या रिटर्नसोबत जोडावं लागतं. पत्नीकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन हा टॅक्स क्रमांक घ्यावा लागतो.

या निवेदनामुळे पत्नीचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतं. पुण्यातला पगार, फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, सगळं. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण अमेरिकेत नाही. भारतीय म्युच्युअल फंडांसाठी तर वेगळे आणि किचकट नियम आहेत.

तरीही जॉइंट स्वस्त पडू शकतं. वरच्याच उदाहरणात पत्नीचा भारतातला पगार १५ हजार डॉलरइतका धरला, तरी जॉइंट टॅक्स सुमारे १२,६०० डॉलरच होतो. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिटही मिळू शकतं. पण पत्नीचं उत्पन्न किंवा गुंतवणूक मोठी असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशोब मांडूनच ठरवावं लागतं.

शिवाय हे निवेदन पुढच्या वर्षांनाही लागू राहतं. एकदा ते मागे घेतलं, तर पुन्हा कधीच करता येत नाही.

सही करताना काय बघायचं?

जॉइंट रिटर्नवर दोघांच्या सह्या असतात आणि त्या वर्षाच्या संपूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर येते. नवऱ्याने उत्पन्न लपवलं किंवा खोट्या वजावटी दाखवल्या, तर आयआरएस पत्नीकडूनही पूर्ण वसुली करू शकतं, तिने अमेरिकेत एक डॉलरही कमावलेला नसला तरी. पुढे घटस्फोट झाला आणि न्यायालयाने ‘टॅक्स नवऱ्याने भरावा’ असं म्हटलं, तरी आयआरएसवर ते बंधनकारक नसतं. ‘इनोसंट स्पाउस रिलीफ’साठी फॉर्म ८८५७ भरून दाद मागता येते, पण चुकीची माहिती नव्हती हे पटवून द्यावं लागतं.

म्हणूनच ‘इथे सही कर, बाकी मी बघतो’ हे वाक्य महाग पडू शकतं. सही करण्याआधी रिटर्नची प्रत मागून वाचणं हा पत्नीचा हक्क आहे.

आधीच चुकलं असेल तर?

‘सिंगल’ म्हणून भरलेलं रिटर्न १०४०-एक्स फॉर्मने दुरुस्त करता येतं. वेगळ्यावरून जॉइंटवर साधारण तीन वर्षांच्या आत जाता येतं. उलट मात्र नाही. एप्रिलची मुदत संपली की जॉइंटवरून वेगळ्यावर जाता येत नाही. म्हणून निर्णय होत नसेल, तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून घेता येते. टॅक्सचे पैसे मात्र १५ एप्रिलपर्यंतच भरावे लागतात.

भारतात हा गोंधळ का नाही?

भारतात नवरा-बायकोचं पॅन वेगळं आणि रिटर्नही वेगळं. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था आयसीएआयने जोडप्यांना संयुक्त रिटर्नचा पर्याय द्यावा असं सुचवलं होतं. त्या अर्थसंकल्पात तो आला नाही. उद्या तो आलाच, तर किती टॅक्स वाचतो याआधी एक प्रश्न विचारावा लागेल. दोघांच्या सहीच्या रिटर्नमध्ये चूक निघाली, तर नोटीस कोणाच्या नावाने येणार?