फोनचा आवाज फाटला? तक्रार कागदावर उतरवा

फोनची काच फुटली तर ती घरात सगळ्यांना दिसते. स्पीकर बिघडला, तर मात्र कित्येक दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही. सूनबाई म्हणतात, गाणे फाटके वाजते. चिरंजीव म्हणतात, नेटवर्क खराब असेल. आणि सासरेबुवा बिचारे समजतात की आता आपलेच कान गेले! परगावच्या लेकीचा फोन आला की अर्धे ऐकू येते, अर्धे येत नाही. मग 'बरं, बरं' म्हणून ते फोन खाली ठेवतात. बिघाड पंधरा हजारांच्या वस्तूत असतो आणि दोष स्वतःच्या वयाला दिला जातो.

आवाजाचा बिघाड असाच फसवा असतो. तो येतो, जातो. घरी खरखरणारा फोन दुकानाच्या काउंटरवर नेमका शहाण्यासारखा वागतो. तेथील मुलगा दोन सेकंद रिंग वाजवून म्हणतो, "ठीक तर आहे, काका. अजून थोडे दिवस वापरून बघा." काका घरी येतात, थोडे दिवस वापरतात आणि तेवढ्यात वॉरंटीचे वर्ष उलटते. म्हणूनच या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: आवाज हवेत विरून जातो, कागदावरची तक्रार टिकते.

आवाज का फाटतो?

फोनमधला स्पीकर जेमतेम बोटाच्या नखाएवढा असतो. त्यात एक पातळ पडदा, त्याला चिकटलेले बारीक तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक असते. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते चुंबकाजवळ पुढेमागे हलते, पडदा थरथरतो आणि आवाज निघतो. या हालचालीत काही आडवे आले, की आवाज फाटतो.

आडवे येणाऱ्या गोष्टी चारपाच प्रकारच्या. जाळीत बसलेली धूळ, खिशातले तंतू, स्वयंपाकघरातले पीठ. लोखंडाचा बारीक कीस, कारण स्पीकरचे चुंबक तो ओढून घेते. कारखान्यात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांच्या फोनला हा त्रास हमखास होतो. पाणी किंवा घाम, कारण भिजलेला पडदा जड होऊन घोगरा वाजतो. फोन पडल्याने सरकलेले वेटोळे किंवा फाटलेला पडदा. आणि कधी कधी काहीही कारण न घडता, मुळातच कच्चा निघालेला स्पीकर. हा शेवटचा प्रकार म्हणजे निर्मितीतला दोष. त्याची दुरुस्ती वॉरंटीच्या काळात विनामूल्य करून देणे, ही कंपनीची जबाबदारी आहे.

आधी घरीच परीक्षा करा

सेवा केंद्राची पायरी चढण्यापूर्वी दहा मिनिटे खर्च करा. त्याने हेलपाटाही वाचतो आणि तेथे ठामपणे बोलताही येते.

फोनमध्ये साठवलेले, चांगले वाजते हे ठाऊक असलेले एखादे गाणे निवडा. ते आधी मध्यम आवाजात, मग पूर्ण आवाजात लावा. तेच गाणे घरातल्या दुसऱ्या फोनवरही ऐका. तेथेही फाटत असेल, तर दोष गाण्याच्या फाइलमध्येच आहे.

नंतर तेच गाणे इअरफोन लावून ऐका. इअरफोनमध्येही खरखर असेल, तर स्पीकर निर्दोष असण्याची शक्यता अधिक. गडबड सॉफ्टवेअरमध्ये असू शकते. आवाजाच्या सेटिंगमधले इक्वलायझर, 'बेस' वाढवणारे पर्याय बंद करा, आलेला अपडेट घ्या, फोन एकदा बंद करून सुरू करा. इअरफोनमध्ये स्वच्छ आणि फोनवर फाटका, असे असेल तर स्पीकरकडे बोट दाखवायला हरकत नाही.

फोनला बहुधा दोन स्पीकर असतात: एक कानाशी धरायचा, दुसरा खालच्या कडेचा. बोलताना कानाशी खरखर होते की स्पीकरफोन लावल्यावर, हे वेगवेगळे तपासा. मात्र खालच्या कडेला दोन जाळ्या दिसल्या आणि एकीतूनच आवाज आला, तर लगेच घाबरू नका. अनेक फोनमध्ये त्यातल्या एका जाळीमागे स्पीकर नसून मायक्रोफोन असतो.

कव्हर आणि काचेवरचा गार्ड काढूनही एकदा ऐकून पाहा. वाकडा बसलेला गार्ड कानाजवळची फट झाकून टाकतो आणि शंभर रुपयांच्या काचेपायी चांगल्या फोनवर आळ येतो.

सफाई करायची ती नव्या, मऊ, कोरड्या टूथब्रशने. जाळी जमिनीकडे करून हलक्या हाताने झटका. टाचणी, सुई, सेफ्टी पिन बिलकूल नको. ती जाळीतून थेट पडद्यात किंवा मायक्रोफोनमध्ये घुसते. स्पिरिटचे थेंब नकोत, हेअर ड्रायर नको, पंपाने हवा मारणेही नको. फोन भिजलाच, तर आधी बंद करा, पुसा, जाळीची बाजू खाली करून हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. पण तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो. ॲपल कंपनीने तर 2024 साली आपल्या ग्राहकांना तसे न करण्याचा स्पष्ट सल्ला दिला.

एवढे करूनही आवाज फाटतच असेल, तर आणखी एक काम करा. घरातल्या दुसऱ्या फोनवर त्या फाटक्या आवाजाचे चित्रीकरण करून ठेवा. तारीख, वेळ आपोआप नोंदली जाते. काउंटरवर फोन शहाण्यासारखा वागला, तर हे चित्रीकरण तुमच्या बाजूने बोलेल.

वॉरंटीत काय असते, काय नसते

आपल्याकडे नव्या फोनवर सर्वसाधारणपणे एक वर्षाची वॉरंटी मिळते. चार्जर, इअरफोन यांसारख्या वस्तूंवर ती बऱ्याचदा त्याहून कमी असते. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरे कंटाळवाणी खरी, पण एकदा चष्मा लावून वाचाच. निर्मितीतल्या दोषाची जबाबदारी कंपनी घेते. फोन पडणे, फुटणे, पाण्यात जाणे, परक्या हाताने उघडणे या गोष्टी ती वगळते.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, 'आमचा फोन वॉटरप्रूफ आहे' हा. आयपी 67 किंवा आयपी 68 असे फोनवर लिहिलेले असते, ते प्रयोगशाळेतल्या चाचणीविषयी. आयपी 67 म्हणजे गोड्या पाण्यात एक मीटर खोलीपर्यंत तीस मिनिटे. फोन जुना होतो, पडतो, तसतशी ही क्षमता घटते. आणि असा अंक असूनही पाण्याने झालेले नुकसान कंपन्या वॉरंटीतून सहसा वगळतात.

दुसरा गैरसमज, 'कोपऱ्यावरच्या कारागिराला नुसते उघडून बघू दे' हा. वॉरंटी संपल्यावर चांगला कारागीर जरूर गाठा. तो स्वस्तातही काम करील. परंतु वॉरंटी चालू असताना त्याने स्क्रू फिरवला, की 'फोन बाहेर उघडला आहे' असे म्हणायला कंपनीला आयते निमित्त मिळते.

सेवा केंद्रात जाताना

जाण्यापूर्वी फोटो, क्रमांक, निरोप यांची प्रत दुसरीकडे साठवून ठेवा. दुरुस्तीत फोन कोरा होऊ शकतो आणि त्या मजकुराची जबाबदारी केंद्र घेत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. बँकेच्या व यूपीआयच्या ॲपमधून बाहेर पडा. काही फोनमध्ये खासगी मजकूर झाकून ठेवणारी दुरुस्तीसाठीची खास सोय असते, ती चालू करा. घरातल्या लेकीबाळींचे फोटो असलेला फोन परक्याच्या हाती उघडा सोपवू नये. पासवर्ड कागदावर लिहून देणे तर टाळावेच.

फोनवर *#06# दाबले, की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. बिल घरच्या कपाटात आणि त्याचा फोटो ईमेलमध्ये, असे दोन्ही असू द्या. ऑनलाइन खरेदी केली असेल, तर विक्रेत्याचे बिल आताच उतरवून घ्या.

केंद्रात फोन ठेवून घेताना जी पावती मिळते, तिला जॉबशीट म्हणतात. सगळा खेळ या एका कागदावर आहे. तिच्यावर नुसते 'आवाजाची तक्रार' एवढेच लिहिले असेल, तर सही करू नका. आग्रहाने पण गोडीने सांगून असे लिहून घ्या: 'खालचा स्पीकर मध्यम आवाजातही फाटतो, इअरफोनमध्ये आवाज स्वच्छ येतो, बिघाड अमुक तारखेपासून.' सोबत आयएमईआय क्रमांक, फोनच्या अंगावर ओरखडे असल्यास त्यांची नोंद, नसल्यास 'फोन सुस्थितीत' असा शेरा, फोन परत मिळण्याची तारीख आणि 'वॉरंटीत' हा शब्द हवा.

'भाग यायचे आहेत, पुढच्या महिन्यात या,' असे कोणी सांगितले, तर हसतमुखाने म्हणा, "चालेल, पण तक्रार आजच्या तारखेने नोंदवून घ्या." वॉरंटीच्या अकराव्या महिन्यात नोंदलेली तक्रार तेराव्या महिन्यात 'मुदत संपली' म्हणून उडवून लावणे अवघड जाते. तोंडी सांगितलेली तक्रार मात्र कुणालाच आठवत नाही.

'यात पाणी गेले आहे'

फोनच्या आत, अनेकदा सिमच्या खाचेजवळ, ओलाव्याची खूण सांगणारा एक लहानसा कागदी ठिपका असतो. पाणी लागले की त्याचा रंग पांढऱ्याचा लाल किंवा गुलाबी होतो. त्यावर बोट ठेवून केंद्रातला माणूस दुरुस्तीचे पैसे मागतो.

फोन खरोखरच भिजला असेल, तर ते कबूल करून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, हे बरे. पण भिजला नसल्याची तुमची खात्री असेल, तर वाद घालू नका; तीन गोष्टी मागा. तो ठिपका डोळ्यांसमोर दाखवा. त्याचा फोटो घेऊ द्या. आणि वॉरंटी नाकारण्याचे कारण जॉबशीटवर लिहून, सही-शिक्का करून द्या. या मागणीनंतर पुष्कळदा 'वरिष्ठांना विचारतो' असे उत्तर येते आणि प्रकरण नव्याने तपासले जाते. न दिल्यास त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून घडलेले सारे लिहून कळवा.

फोन परत घेताना तेथेच उभे राहून तेच गाणे वाजवा, एक फोन करून पाहा आणि मगच सही करा. बदललेल्या भागाची नोंद असलेला कागद मागून घ्या. त्या भागाला किती दिवसांची वॉरंटी आहे, तेही विचारा.

तरीही दाद लागली नाही, तर

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याची. जॉबशीटची प्रत जोडून ईमेल करा, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. क्रमांक 1915. येथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती निकाल देत नाही. पण तुमची तक्रार क्रमांकासह कंपनीपर्यंत पोचवते. पुष्कळ लहान तक्रारी या पायरीवरच मिटतात.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. 1986 च्या जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा 2019 आला आणि तो जुलै 2020 पासून लागू झाला. त्याने सामान्य माणसाची मोठी सोय केली. आता तुम्ही जेथे राहता किंवा नोकरी करता, त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. फोन मुंबईच्या विक्रेत्याकडून मागवला असला, तरी इंदूरच्या गृहिणीने इंदूरलाच दाद मागावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. वकील हवाच असे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायला हवी.

दोष सिद्ध झाला, तर आयोग दुरुस्ती करून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो, नुकसानभरपाईही देववू शकतो. कायद्याने निकालासाठी साधारण तीन महिन्यांची, वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असल्यास पाच महिन्यांची मुदत घातली आहे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हेही मनाशी धरून चला. म्हणून आधीच्या दोन पायऱ्या मनापासून चढाव्यात.

आणि दुकानदाराने बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारला, म्हणून हात टेकू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

कपाटातल्या फायलीत एवढे असू द्या

* फोनचे बिल आणि वॉरंटी कार्ड
* आयएमईआय क्रमांक लिहिलेली चिठ्ठी
* प्रत्येक जॉबशीट, अगदी 'दोष आढळला नाही' असा शेरा असलेलीसुद्धा
* कंपनीशी झालेल्या ईमेलच्या प्रती
* हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक व तारीख

तीनदा 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळाला आणि चौथ्यांदा दोष आढळला, तर पहिल्या तीन जॉबशीट निरुपयोगी ठरत नाहीत. बिघाड किती जुना आहे आणि तुम्ही किती वेळा फेऱ्या घातल्या, याचा तोच पुरावा असतो. तेव्हा घरातले वडीलधारे 'हल्ली नीट ऐकू येत नाही' असे म्हणाले, तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे जरूर न्या. पण त्याआधी एकदा त्यांच्या फोनवर गाणे लावून बघा आणि बिलावरची तारीख तपासा.