मुकादम कोणाचा?

मुळशी तालुक्यातील कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उभा आहे आणि तेथून थोड्याच किलोमीटरवर हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क. एका ठिकाणी गाळप हंगामात ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या पडतात; दुसऱ्या ठिकाणी जगभरच्या कंपन्यांसाठी संगणकाचे कार्यक्रम लिहिले जातात. या दोन जगांचा परस्परांशी काही संबंध नाही, असे त्या रस्त्याने जाणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिंजवडीसारख्या ठिकाणी जे तंत्र आज हाताळले जात आहे, ते नेमके कोपीतल्या माणसाने उद्या कोठे, केव्हा आणि किती वेळ राबावे हे ठरविणारे तंत्र आहे. श्रमिक चळवळीने त्याकडे वेळीच लक्ष दिले पाहिजे.

हे तंत्र समजण्यास फारसे कठीण नाही. शेकडो माणसे शेकडो ठिकाणी विखुरलेली असतात, कामे सतत बदलत असतात, आणि कोणी कोणत्या कामावर जावे हे क्षणोक्षणी ठरवावे लागते. एका कचेरीत बसून सगळ्याचे एकच गणित मांडण्याऐवजी प्रत्येक पक्षाला स्वतःचा संगणकीय एजंट द्यावा आणि या एजंटांनीच आपापसांत घासाघीस करून वाटप ठरवावे, ही त्यातील मूळ कल्पना. रीड स्मिथ या संशोधकाने १९८० साली तिची एक सुटसुटीत पद्धत मांडली: काम जाहीर करावयाचे, इच्छुकांनी बोली द्यावयाची, योग्य बोलीला काम मिळावयाचे. ब्रिटिश टेलिकॉमने १९९० च्या दशकात दूरध्वनी दुरुस्त करणाऱ्या हजारो तंत्रज्ञांच्या फेऱ्या आखण्याचे काम संगणकाकडे सोपविले. आज पुण्यातला जेवणाचे डबे पोचविणारा तरुण कोणत्या दारी जाईल हे संगणकच ठरवितो. लिलाव तोच, हातोडी मात्र कोणाला दिसत नाही.

ऊसतोडीइतके या तंत्राला अनुकूल दुसरे क्षेत्र शेतीत क्वचितच सापडेल. तोडलेला ऊस एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडला नाही तर वजन घटते, उतारा घटतो. गव्हाण रिकामी राहिली तर कारखान्याचे नुकसान, वाहनांची रांग लागली तर वाहतूकदाराचे. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड मिळावी हा शेतकऱ्याचा हक्क. प्रत्यक्षात कोणाच्या फडात टोळी आधी शिरते हे शेतकी खात्यातील ओळखी, संचालकांची मर्जी आणि टोळीच्या हातावर ठेवलेली चिरीमिरी यांवर पुष्कळदा ठरते. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १,३२० लाख टन उसाचे गाळप झाले, काही कारखाने जूनपर्यंत चालू ठेवावे लागले, आणि बीड जिल्ह्यात तोड मिळत नाही म्हणून एका शेतकऱ्याने उभ्या उसाला काडी लावून आत्महत्या केली. त्याच वर्षी साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीसाठी मोबाइलवरील ॲप आणले. नोंद संगणकात आली, आता तोडीची पाळी संगणकाने लावणे ही पुढची पायरी आहे. तारखेचा क्रम पाळणारे आणि चिरीमिरी न घेणारे यंत्र आले तर लहान शेतकऱ्याने त्याचे स्वागतच करावे. यंत्र आले म्हणून ओरड करण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो वाटाघाटीच्या पंगतीत कोण बसते याचा. कारखान्याचा एजंट असेल, वाहतूकदाराचा असेल, कदाचित शेतकऱ्याचाही असेल. टोळीच्या वतीने कोण बोलणार?

या प्रश्नाचे जुने उत्तर मराठवाड्यातील प्रत्येक तांड्याला ठाऊक आहे. एजंट ही वस्तू ऊसतोडीत नवी नाही. तिचे नाव मुकादम. तोच गावात उचल वाटतो, टोळी बांधतो, कारखान्याशी बोलणी करतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनास २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. हे कमिशन कारखाना देतो. ज्याच्याकडून मोबदला मिळतो त्याच्याशी प्रतिनिधीची निष्ठा जडते, हा अर्थशास्त्रातील साधा नियम आहे आणि तो माणसाच्या प्रतिनिधीला जितका लागू तितकाच यंत्राच्या प्रतिनिधीलाही. टोळीचा एजंट म्हणून जो कार्यक्रम कारखाना लिहून घेईल, त्याची हमी कारखानाच भरेल आणि त्याची उद्दिष्टे कारखानाच ठरवील, तो दुसरा मुकादमच होय. फरक एवढाच की पहिल्याशी त्याच्या ओसरीवर जाऊन भांडता तरी येते.

आता या गणिताच्या पोटात शिरून पाहू. तोडणीची मजुरी टनावर मिळते. गाडी चार तास उशिरा आली, गिरणीत बिघाड होऊन भरणी खोळंबली, पहाटे तीनला ट्रॅक्टर आला म्हणून साऱ्या टोळीला उठून मोळ्या चढवाव्या लागल्या, तरी टन तेवढेच राहतात. म्हणजे मजुराच्या वाट पाहण्याची किंमत कारखान्याच्या हिशेबी शून्य. डिझेलला भाव आहे, घटलेल्या उताऱ्याला भाव आहे, रिकाम्या गव्हाणीच्या प्रत्येक तासालाही भाव आहे. खर्च कमीत कमी करण्याची आज्ञा मिळालेले यंत्र काय करील? ज्या वस्तूला भाव नाही ती ते सढळ हाताने वापरील. सगळी ढिलाई, सगळी अनिश्चितता ते टोळीच्या माथी मारील, कारण तेथे ती फुकट आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. बेरीज बरोबर आली की झाले. आजही हेच घडते, पण मुकादमाच्या आणि चिटबॉयच्या गोंधळात मजुराला कधी तरी दोन घटका विसावा मिळून जातो. कार्यक्षम यंत्र तेवढ्याही फटी बुजवील.

गैरहजेरीची गोष्ट याहून कठोर आहे. खाडा पडला की दंड, ही ऊसतोडीतील रूढी. हा दंड आणि अंगावरची उचल या धास्तीने बाया पाळीतही, आजारातही फडात उभ्या राहतात. त्याचा शेवट काय होतो ते बीड जिल्ह्याबाबत शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली दाखविले: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. यंत्राच्या वहीत गैरहजेरीला कारण नसते, फक्त आकडा असतो. इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी नेमक्या याच मुद्द्यावर निकाल दिला. डिलिव्हरू या कंपनीचा संगणक सायकलवरून जेवण पोचविणाऱ्या कामगारांची विश्वासार्हतेनुसार क्रमवारी लावी आणि वरच्या क्रमांकाच्यांना पाळ्या निवडण्याची पहिली संधी देई. कामगार आजारी होता, संपावर होता की झोपून राहिला, याची विचारपूस नव्हती. कारण न विचारणे हाच भेदभाव, असे न्यायालयाने ठरविले आणि कामगार संघटनेस ५०,००० युरो भरपाई द्यावयास लावली. २०२४ साली युरोपीय संघाने अशा कामांसाठी निर्देश काढला; आपल्याकडे राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली कायदे केले. पण ते सारे ॲपवरून काम घेणाऱ्या शहरी कामगारांसाठी आहेत. ऊसतोडीच्या फडापर्यंत त्यांचा हात पोचत नाही.

तथापि परदेशाकडे पाहण्यापूर्वी मुंबईच्या गोदीकडे पाहावे. जहाज केव्हा लागेल आणि किती हात लागतील हे गोदीतही अनिश्चित असे, आणि ती अनिश्चितता तोलीवाले कामगारांच्या पोटावर ढकलीत. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखालील योजनेने कामाचे वाटप कामगारांचेही प्रतिनिधी असलेल्या मंडळाकडे गेले. कामगाराची नोंद झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले. हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता, आणि कामावर गेल्यावर ते सुरूच होऊ शकले नाही तर त्याचाही वेगळा मोबदला मिळू लागला. म्हणजे वाट पाहण्याला भाव आला. भाव येताच जहाजे आणि माणसे यांचा मेळ नीट घालण्यात मालकांनाही रस वाटू लागला, हे ओघानेच आले. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला त्यामागे हाच विचार होता. टोळीची नोंद आणि मजुरी मंडळाकडून, मालक बदलला तरी. त्या धर्तीवर ऊसतोडणीसाठी कायदा करावा ही मागणी जुनी आहे. यंत्र येऊ घातले असताना ती अधिक निकडीची झाली आहे.

तेव्हा पुढील कराराच्या बोलण्यांत टनाच्या दराबरोबर खोळंब्याचा दरही मागितला पाहिजे: गाडीची ठरलेली वेळ टळल्यानंतरच्या प्रत्येक तासाला प्रत्येक कोयत्यामागे ठरावीक रक्कम. ती संगणकात घातली की यंत्र स्वतःच टोळीला कमी ताटकळत ठेवू लागेल. त्याला उपदेश करावा लागणार नाही. टोळीच्या वतीने बोली देणारा कार्यक्रम संघटनेच्या किंवा मंडळाच्या ताब्यात असावा, रात्रीची भरणी नाकारल्याबद्दल पुढची पाळी कापली जाऊ नये आणि आजाराचा खाडा हिशेबात धरू नये, हे कलमांत लिहून घ्यावे. गाळपाचा परवाना दरवर्षी साखर आयुक्त देतात. या अटी परवान्यात घालण्यास शासनाला कोणी अडविलेले नाही. पैसा कोठून येणार, असे कारखानदार म्हणतील. सहकारी कारखान्याचा तोटा शेवटी सभासद शेतकऱ्यावरच येतो, हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही आणि संघटनांनी ते उडवून लावू नये. परंतु खोळंब्याचा खर्च आजही होतोच. तो मजूर भरतो, एवढेच.

एक गाठ मात्र संघटनांनाच सोडवावी लागेल. करारात नवराबायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, फोन असलाच तर तोही नवऱ्याच्या खिशात. अशा जोडप्यासाठी एजंट बोली देणार तो कोणाची गरज ओळखून? पहाटे उठून भाकऱ्या थापून फडात जाणाऱ्या आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीची शिडी चढणाऱ्या बाईला कोणता दिवस जमणार नाही, हे त्या कार्यक्रमाला कळण्याची सोय नाही, कारण कागदावर ती स्वतंत्र कामगारच नाही. तिची वेगळी नोंद, तिच्या नावाचे ओळखपत्र आणि तिच्या खात्यात तिची निम्मी मजुरी, हे काम हिंजवडीतील कोणाच्याही मदतीवाचून येत्या हंगामापूर्वी कासारसाईच्या कोप्यांपासून सुरू करता येईल.