फ्युरिओसा : पूर्वकथा, पण कोणाची?

जॉर्ज मिलरचा 'फ्युरिओसा' मे २०२४ मध्ये आला. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) डोक्यावर घेणाऱ्यांनीही त्याला 'ठीक आहे' म्हणून सोडून दिलं. तिकीटबारीवरही तो थंडच राहिला. आम्हालाही ठीकच वाटला, पण आमची तक्रार वेगळी आहे. चाहते म्हणतात, वेग कमी पडला. आम्ही म्हणतो, सांगायची ती पूर्वकथा राहूनच गेली.

'फ्युरी रोड' आम्हाला भिडला तो गाड्यांच्या पाठलागामुळे नव्हे. इमॉर्टन जो उंच कड्यावर बसलेला, जमिनीतलं पाणी त्याच्या मुठीत, खाली तहानलेली गर्दी. तो क्षणभर पाणी सोडतो, बंद करतो आणि वर उपदेश करतो की पाण्याची चटक लावून घेऊ नका! त्याची पोरं मेल्यावर वल्हाला मिळेल या आशेवर हसत मरतात. पाण्यावर कब्जा आणि परलोकाची लालूच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिणाऱ्या आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळणाऱ्या माणसांच्या वारसांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग जो वर गेला कसा? पाणी आधी कोणाचं होतं? नवा चित्रपट अडीच तासांत एका मुलीचं अपहरण, तिच्या आईचा खून आणि सूड एवढंच सांगतो. अन्या टेलर-जॉय डोळ्यांनी बोलते, हे मान्य. पण गड आधीच उभा आहे, मालक आधीच मालक आहे. डिमेंटस येतो, खालच्यांना बंडाची हाक देतो आणि पुढे मालकाशीच सौदा करतो (असले डिमेंटस आमच्याकडे दर निवडणुकीत येतात). खालच्या गर्दीला इथेही ना नाव, ना आवाज.

बाबासाहेबांनी पूर्वकथाच लिहिल्या. १९१६ ला कोलंबियात जातीच्या उत्पत्तीवरचा निबंध, १९४६ ला शूद्र पूर्वी कोण होते, १९४८ ला अस्पृश्य मूळचे कोण. त्यांत एका नायकाचं बालपण नाही. बेटीबंदीतून जात कशी बांधली गेली, त्याची उकल आहे. बांधलेलं असेल तर मोडताही येतं, म्हणून तर ती उकल हवी.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्यातले मामा तलाव घ्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. बांधणारे म्हणून कोहळी समाजाचं नाव घेतात, ते रास्तच आहे. पण पाळीची माती कोणी वाहिली? कोणत्या घाटावर कोणाला उतरू देत नव्हते? मासळी आज ढिवरांच्या वाट्याला किती, ठेकेदाराच्या किती?

अभ्यासवर्गातल्या पोरांना आम्ही हेच काम दिलंय. आपापल्या गावच्या तलावाबद्दल ऐंशी ओलांडलेल्या आजी-आजोबांना विचारायचं आणि रेकॉर्ड करायचं. मोबाईल सगळ्यांकडे आहे. धानाची रोवणी आटोपली की बसू.