घास अडकतो, पण पाण्याचे काय?

भोकरदन तालुक्यातील एक बाई काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. चार वर्षांपासून भाकरीचा घास छातीत अडकत होता आणि पाण्याचा घोटही. रात्री आडवे झाले की न पचलेले अन्न तोंडात येई, ठसका लागे. वजन उतरले होते. चारचौघांत उलटी होईल या धास्तीने पंगतीत बसणे त्यांनी सोडून दिले होते. पिशवीत आम्लपित्ताच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि घरच्यांच्या मते हे सारे मनाचे खेळ होते. तपासणीअंती आजार निघाला तो 'अ‍ॅकॅलेशिया'.

अन्ननलिका ही नुसती नळी नव्हे. तिचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून घास खाली ढकलतात आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप नेमक्या वेळी सैल होते. हे काम पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी नष्ट झाल्या, की झडप मिटलेलीच राहते आणि अन्न वर साचत जाते. या पेशी का नष्ट होतात, याचे नक्की उत्तर अद्याप मिळालेले नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असा अंदाज आहे. तिखट, चिंता किंवा करणी यांनी हा आजार होत नाही.

लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक नवा रुग्ण, असे याचे प्रमाण मानले जाते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. म्हणजे दरवर्षी वीसच्या आसपास नवे रुग्ण आपल्यातच असणार. ते ओळखले जात नाहीत, याचा दोष मी प्रथम आम्हा डॉक्टर मंडळींकडे देईन. घास अडकतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला 'पाणीही अडकते का?' एवढे विचारायला पैसा लागत नाही. कर्करोगात बहुधा आधी भाकरी अडकते, पाणी नंतर. या आजारात दोन्ही सुरुवातीपासून अडकतात. अर्थात नुसत्या उत्तरावर विसंबू नये. गिळण्याचा त्रास असलेल्या प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी व्हायलाच हवी. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. आतील दाब मोजणारी मॅनोमेट्री तपासणी निदान पक्के करते. तिची सोय मोठ्या शहरांत असते.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण झडप सैल करता येते. गोळ्यांचा उपयोग जुजबी, बोटॉक्सच्या इंजेक्शनचा काही महिन्यांपुरता. फुग्याने झडप ताणणे किंवा शस्त्रक्रियेने तिचे स्नायू कापणे हे टिकाऊ उपाय. ही शस्त्रक्रिया जर्मनीच्या हेलर यांनी १९१३ साली प्रथम केली. आता ती दुर्बिणीतून होते. जपानच्या डॉ. इनोऊए यांनी २००८ साली तोंडावाटे दुर्बीण घालून स्नायू कापण्याची 'पोएम' पद्धत सुरू केली. फुग्याने क्वचित अन्ननलिका फाटू शकते, म्हणून अनुभवी हातच हवेत. गंमत अशी, की आम्लपित्ताची गोळी पुष्कळदा खरी लागते ती या उपचारांनंतर! कारण सैल झालेल्या झडपेतून आम्ल वर येते.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

त्या बाईंवर फुग्याचा उपचार झाला. परवा आल्या तेव्हा नणंदेच्या घरच्या लग्नात पंगतीला बसल्याचे सांगत होत्या. चार वर्षे मात्र वाया गेली. वाचकहो, घास अडकणे दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले, तर पाण्याने तो ढकलत बसू नका. तपासणी करून घ्या.