डॅशबोर्डवरील घड्याळ कोणाचे?

बँकेचा दिवस पूर्वी कालच्या हिशेबाचा मेळ पाहून सुरू होत असे. आता तो संगणकाच्या पडद्यावरील एका पानाने सुरू होतो. किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती प्रलंबित आहेत, एका कामास सरासरी किती दिवस लागले, हे सारे त्या पानावर एका दृष्टिक्षेपात दिसते. काम मुदतीत असेल तर हिरवा रंग, मुदत संपत आली असेल तर पिवळा आणि टळली असेल तर तांबडा. या पानास डॅशबोर्ड असे म्हणतात. ग्राहकांना ते दिसत नाही. परंतु काउंटरच्या पलीकडे त्यांच्या कामाचे काय होते, हे पुष्कळ अंशी त्यावरून ठरते. म्हणूनच या विषयाची चर्चा ग्राहकांसमोर व्हावी, असे मला वाटते.

या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढील बाजूस जी फळी बसवीत, ती मूळची डॅशबोर्ड. पुढे मोटारी आल्या, तेव्हा त्याच जागी वेग आणि इंधन दाखविणाऱ्या तबकड्या बसल्या. चिखल अडविणारी वस्तू अशा रीतीने माहिती देणारी झाली. आपल्या कार्यालयांतील डॅशबोर्डविषयी मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. तो आपणांस माहिती देतो, की केवळ आपल्या अंगावर चिखल उडू देत नाही?

डॅशबोर्डचे उपयोग नाकारण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतील जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. हाती असलेल्या कामांच्या संख्येस रोज निकाली निघणाऱ्या कामांच्या संख्येने भागले, की एका कामास सरासरी किती दिवस लागतील, ते कळते. एखाद्या विभागात ६० अर्ज असतील आणि रोज १० निकाली निघत असतील, तर प्रत्येकास सरासरी ६ दिवस लागणार. अर्ज ९० झाले, की ९ दिवस लागणार. मग व्यवस्थापकाने कितीही तगादा लावो. हे आकडे डोळ्यांसमोर असले, की कर्मचाऱ्यांवर रागावण्यापेक्षा एखादा माणूस वाढविणे, अथवा काम नेमके कोठे अडते ते शोधणे, हा मार्ग दिसू लागतो. चांगल्या डॅशबोर्डचे हे खरे कार्य होय.

असे असूनही त्याच आकड्यांनी आपली फसगत कशी होते, याचा एक अनुभव मी विसरू शकलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाखेत ठेव विभागाचे काम माझ्याकडे होते. साठी ओलांडलेल्या एक बाई पतीच्या निधनानंतर त्यांच्या ठेवीची रक्कम मिळावी म्हणून आल्या. नामनिर्देशन त्यांच्याच नावाने होते. मृत खातेदारांच्या अशा दाव्यांचा निपटारा १५ दिवसांत व्हावा, असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना सांगितलेले आहे. त्यासाठी मृत्यूचा पुरावा आणि दावेदाराची ओळख समाधानकारक असावी लागते. आमच्या प्रणालीत या अटीचा अर्थ असा लावलेला होता, की कागदपत्रे पूर्ण झाल्याची नोंद झाली, म्हणजे घड्याळ सुरू होईल.

पहिल्या खेपेस बाईंकडे मृत्यूच्या दाखल्याची केवळ छायाप्रत होती. मूळ दाखला आणण्यास सांगितले. दुसऱ्या खेपेस दाव्याच्या अर्जावर एका जागी सही राहिली होती. तिसऱ्या खेपेस नामनिर्देशनातील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत फरक आढळला. प्रत्येक वेळी दावा 'परत' असा नोंदला गेला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आले. चौथ्या खेपेस सारे जुळले आणि चारच दिवसांत रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली. डॅशबोर्डवर नोंद झाली : ४ दिवस, हिरवा रंग. बाईंच्या पहिल्या खेपेपासून मोजले, तर ४७ दिवस झाले होते.

त्यांनी तक्रार केली नाही. जाताना एवढेच म्हणाल्या, "हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतंत, तर माझ्या खेपा वाचल्या असत्या." त्या महिन्याच्या आढाव्यात मुदत पाळल्याबद्दल आमच्या विभागाची प्रशंसा झाली. त्या प्रशंसेने आनंद होण्याऐवजी मला संकोच वाटला. कोणी खोटी नोंद केली नव्हती. प्रत्येक आकडा खरा होता. मात्र ते घड्याळ आमचे होते, बाईंचे नव्हते.

असे का घडते, याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात केले होते. त्याचा आशय असा, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला, की त्या आकड्याचा पूर्वीचा भरवसा उरत नाही. माणसे मग कामाऐवजी आकडा सांभाळू लागतात. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येक ग्राहकामागे अधिकाधिक खाती व सेवा विकण्याचे लक्ष्य तेथे कर्मचाऱ्यांपुढे सतत ठेवले जाई. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. बँकेस १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आल्याचेही त्या वेळी समोर आले. आकडे वाढत होते, तेव्हाच विश्वास घटत होता. तो मोजणारा रकाना मात्र कोणत्याही पडद्यावर नव्हता.

तर मग मोजणे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. घड्याळ ग्राहकाच्या बाजूने लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याचा नमुना आपल्याकडेच आहे. एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा झाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. येथे दिवस मोजले जातात ते ग्राहकाचे पैसे अडकले त्या दिवसापासून.

प्रत्येक विभागाच्या डॅशबोर्डवर म्हणून तीन रकाने असावेत, असे मला वाटते. पहिला, ग्राहक प्रथम आला त्या दिवसापासून काम पूर्ण होईपर्यंतचे एकूण दिवस. दुसरा, काम किती वेळा परत पाठविले, ती संख्या. तिसरा, सर्वांत जुन्या प्रलंबित कामाचे वय. सरासरीवर विसंबण्यात धोका असतो. नऊ कामे प्रत्येकी २ दिवसांत झाली आणि दहाव्यास ४० दिवस लागले, तरी सरासरी ६ दिवसांहून कमीच भरते. त्या दहाव्या ग्राहकास सरासरीचा काय उपयोग?

यावर काही सहकारी म्हणतील, की ग्राहकाने अपुरी कागदपत्रे आणली, तर त्याचा दोष आमच्या माथी का? ही शंका रास्त आहे. परंतु परतीचा रकाना दोष ठरविण्यासाठी नसावा. एकाच कारणाने कामे वारंवार परत जात असतील, तर आपली सूचनापत्रे अपुरी आहेत, हे त्यावरून समजते. त्या प्रसंगानंतर आम्ही दाव्यास लागणाऱ्या सर्व कागदांची मराठीतील यादी काउंटरवर ठेवली आणि पहिल्याच भेटीत तीवर खुणा करून देऊ लागलो. यासाठी नवी प्रणाली लागली नाही. एक पान लागले.

ग्राहकांनीही यात साहाय्य करावे. अर्ज दिल्यावर तारखेसह पोच मागावी. अर्ज परत केल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी मागाव्यात. तक्रारीस ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागण्याचा मार्ग आहेच. पण तेथवर जाण्याची वेळ येऊ न देणे, हे आमचे काम.

पोचेवरील ती तारीख म्हणजे ग्राहकाचे घड्याळ होय. आमच्या पडद्यावरील घड्याळ त्याच्याशी जुळले, तरच तेथील हिरवा रंग खरा मानता येईल.